‘९९००’ छापलेल्या सेलबद्दलच्या वन-स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वडिलांच्या फवारणी पंपाची बॅटरी गेली म्हणून तुम्ही एका चिनी विक्रेत्याकडून ऑनलाइन बारा लिथियम सेल मागवले, ८५ रुपयांना एक. त्यांचा पॅक बांधून घ्यायला आमच्याकडे आलात. आम्ही सेल दोन दिवस ठेवून घेतले, तपासणीचे २०० रुपये लावले, पॅक बांधायला नकार दिला आणि वर आमचे २४० रुपयांचे सेल दाखवले. काउंटरवरचा मुलगा ‘चायनाचा कचरा’ म्हणून हसला. हे सगळं स्वतःचा माल खपवण्यासाठी होतं, आणि कदाचित आम्ही चांगले सेल बदललेही असतील, असं तुमचं म्हणणं.

आमचं चुकलं ते आधी. तपासणीचे पैसे लागतात हे सेल घेतानाच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. ते २०० रुपये परत मिळतील. मुलाच्या हसण्याबद्दल माफी मागतो. शिवाय तो जे बोलला तेही चूकच. आमच्याकडचे निम्मे सेल चीनमध्ये बनलेले आहेत. ज्या टेस्टरवर तुमचे सेल लावले तो चिनी, स्पॉट वेल्डर चिनी, सोल्डरिंग गन चिनी. चिनी मालाशी वाकडं असतं तर मला शटर कधीच खाली ओढावं लागलं असतं.

आमची अडचण रॅपरवर छापलेल्या आकड्याची आहे. या सेलचं १८६५० हे नाव मापावरून पडलंय: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. नामांकित कंपन्यांचे या मापाचे जे सेल सर्रास मिळतात ते साधारण २००० ते ३६०० एमएएचचे असतात; एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप. तुमच्यावर ९९०० छापलंय. तांब्यात हंडाभर पाणी मावतं म्हणण्यासारखं आहे हे. आमच्याकडचा सेल काट्यावर ४६ ग्रॅम भरला, तुमचा २९. तुमची वस्तू, म्हणून फोडून पाहिली नाही. पण असे सेल मी याआधी फोडलेत. एकात छोटासा सेल होता आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी. कधी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले थकलेले सेल काढून त्यांच्यावर नवं रॅपर चढवलेलं असतं.

दोन दिवस का लागले? सेल पूर्ण चार्ज करायचा, मग ठरावीक करंटने रिकामा करून किती भरतो ते मोजायचं, त्याला वेळ लागतोच. ९९०० खरं असतं तर अर्ध्या अँपिअरवर सेल जवळपास वीस तास चालला असता. तुमचा दीड तासात झोपला. चार सेल मोजले: ८१०, ७८०, ७४० आणि एक चक्क ४१०. बदलल्याची शंका असेल तर फोटो जोडलेत. सेल घेतानाच प्रत्येकावर मार्करने तुमच्या पावतीचा नंबर टाकला होता, तो त्यात दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, कमी तर कमी, बांधून द्यायला काय जातं? टॉर्च असती तर दिलं असतं. पण पंपाला तीन सेल सिरीजमध्ये आणि अशा चार रांगा पॅरलल लागतात. सेल असे कमीजास्त असले की दुबळा आधी रिकामा होतो, आणि चार्जिंगला लावल्यावर तोच आधी भरून पुढे ताणला जातो. तापतो. मध्ये बीएमएस, म्हणजे सेलचं भरणं-रिकामं होणं आवरणारा छोटा बोर्ड, असतो हे खरं, पण साधा बीएमएस अशा बारभाईंना किती दिवस सांभाळणार? त्यात तो पंप सोळा लिटरचा. टाकी पाठीवर, बॅटरी टाकीच्या तळाशी, म्हणजे वडिलांच्या कमरेला टेकून. त्या पॅकवर आमच्या दुकानाचा स्टिकर लावायला माझा हात धजावला नाही.

तुम्ही लिहिलंय की त्या विक्रेत्याला साडेचार स्टार आहेत. असतीलच. लोक पार्सल उघडतात, सेल टॉर्चमध्ये घालतात, उजेड पडतो, पाच स्टार देतात. ८०० एमएएचवरही उजेड पडतोच की. खरं काय ते तिसऱ्या महिन्यात कळतं, आणि तोवर कोण परत जाऊन स्टार बदलतं?

स्वस्त मालाला मीही फसलोय, हेही सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी प्रोजेक्टचे बोर्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी-सीरियलच्या चिपचा एक लॉट मला निम्म्या भावात मिळाला. छपाई अगदी मूळ कंपनीसारखी, कामही चोख. २०१४ मध्ये मूळ कंपनीने ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरमधून चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, असं अपडेट काढलं की नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य होई आणि कॉम्प्युटरला ती दिसेनाशी होई. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट सबमिशनच्या तोंडावर बोर्ड घेऊन काउंटरवर उभी. सगळे बोर्ड बदलून दिले, कारण विकले मी होते. ज्याने मला विकले त्याचा फोन तेव्हापासून बंद. तुमच्या विक्रेत्याचंही असंच होईल असं नाही, पण पैसे मागायचे असतील तर उशीर करू नका. वजनाचा आणि टेस्टरच्या रीडिंगचा फोटो जोडून आधी त्या साइटवरच रिटर्न टाका. त्यांनी दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. लेखी रिपोर्ट हवा असेल तर आमच्या लेटरहेडवर देतो, त्याचे पैसे नाहीत.

भावाचं म्हणाल तर २४० मध्ये आम्हाला फार सुटत नाही, पण सुटतं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडचे सेल २५०० एमएएचचे आहेत. बारा सेल, बीएमएस, निकेल पट्टी आणि मजुरी धरून पॅक ३५८० ला पडेल. एवढं नको असेल तर पंपात आधी होती तशीच बारा व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी टाका. वजन जास्त होईल, पण खर्च बराच कमी. ती आम्ही ठेवत नाही. गावाकडे शेतीच्या अवजारांच्या दुकानात सहज मिळेल.

तुमचे अकरा सेल टोकांना चिकटपट्टी लावून, पावतीच्या नंबरासह ड्रॉवरमध्ये ठेवलेत. न्यायला याल तेव्हा मुलाकडे न मागता मला आवाज द्या, २०० रुपये माझ्याकडूनच घ्या. आणि बारावा, ४१० वाला सेल टॉर्चमध्येही घालू नका, तो कालपासून हाताला किंचित गरम लागतोय. तो मी वाळूच्या डब्यात वेगळा ठेवलाय.