जाड नातेवाईक दिसल्यास काय करावे

लग्नामुंजींचे दिवस आहेत. कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये तुमची गाठ जाड नातेवाइकाशी पडणारच. गडबडून जाऊ नका. 'कशी आहेस' वगैरेत वेळ घालवू नका, थेट 'अगं बाई, केवढी सुटलीस!' म्हणा. आवाज असा लागला पाहिजे की सनईवाल्यानेही मान वळवून बघावं.

मग हात लावून खात्री करा. परवाच्या मुंजीत एका मावशींनी बाहीखालचा माझा दंड चिमटीत धरून, दुधी कोवळा आहे का बघतात तसा दाबून पाहिला. कोवळाच निघाला असावा, सोडेचनात.

बीएमआयसाठी वजनाला उंचीच्या वर्गाने भागावं लागतं, ती कटकट डॉक्टरांना. ते भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ वरच जास्त वजनाची रेघ ओढतात. तुम्ही ती ब्लाउजच्या हुकावर ओढा.

ती 'थायरॉइड आहे' म्हणाली, तर 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही' म्हणून हसा.

आता उपाय. एकही राखून ठेवू नका. कोमट पाण्यात लिंबू-मध, रात्री भिजवलेली मेथी, भात बंद. दीक्षितांचं दोनदाच जेवून भाच्याचं किती उतरलं ते सांगा, आणि त्याच दमात दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं, वर साजूक तूप. दोन्ही एकदम कसं करायचं विचारलं, तर 'इच्छाशक्ती लागते गं'. आणि चालायला जा म्हणा! ती जातेच, पण ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. टेकडीवर पळायला लागली की मागून पोरं 'भूकंप, भूकंप' ओरडतात. जिममध्ये सगळ्यात मोठा टी-शर्टही काखेत काचतो, आणि वर्षानुवर्षं येणाऱ्या बाईला कुणीतरी मायेनं म्हणतं, 'वा, सुरुवात तरी केलीत!' म्हणजे जाड बाईने व्यायाम केलाच पाहिजे, फक्त तो कुणाला दिसता कामा नये. घरी बसली तर आळशी, बाहेर पडली तर फुकटचा तमाशा. कुठे जायचं तिने?

लग्न व्हायचं असेल, तर तेही काढा.

आणि हे सगळं पोरींसमोर बोला. आठवीतली माझी भाची शेजारीच उभी होती. 'तूही मावशीवर जाणार बरं का,' ऐकल्यावर तिने उचललेली जिलबी मुकाट्याने परत ठेवली.

अहो मावशी, जाड माणसाच्या घरी आरसा असतो. वजनकाटाही असतो. तुम्ही नवीन बातमी कसली आणता? रोज उठून उपाशीपोटी गोळी मी घेते, चहासाठी ताटकळत मी बसते, डॉक्टरांची फी मी भरते. तुम्हाला कुणी विचारलं होतं? माझं सोडा, मला सवय आहे. त्या पोरीच्या ताटाकडे पुन्हा बघितलंत, तर तीन महिन्यांची तुमची शुगर भर मांडवात, सनईच्या वरच्या पट्टीत विचारीन.