विद्यार्थिनी टिकू नयेत म्हणून

आपण अभियांत्रिकीच्या एखाद्या विभागाचे प्रमुख असाल आणि विद्यार्थिनींची संख्या आपल्याला खुपत असेल, तर प्रवेश नाकारण्याचा धसमुसळेपणा कृपया करू नये. प्रवेश अवश्य द्यावा, माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हेल्मेट घातलेल्या दोघीतिघींचे हसरे छायाचित्र छापावे आणि पुढचे काम पहिल्या वर्षावर सोपवावे.

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे गटप्रकल्प. वर्गातील मोजक्या मुली गटागणिक एक अशा वाटून टाकाव्यात. याला समान वाटप म्हणता येते. मग आपल्याला काहीच करावे लागत नाही. सोल्डरिंगचे काम आपोआप मुलांकडे जाते, विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपभोवती तिघांच्या खांद्यांची भिंत उभी राहते आणि ती मागे वही घेऊन रीडिंग टिपत बसते, कारण ‘तुझं अक्षर चांगलं आहे’. सत्र संपेपर्यंत अहवालही तिनेच लिहिलेला असतो. तोंडी परीक्षेत मात्र तिला नेमके सर्किटच्या जोडणीबद्दल विचारावे आणि ती अडखळली, की ‘मुलींचा हात प्रॅक्टिकलमध्ये जरा कच्चाच’ हे आपले जुने निरीक्षण नव्या पुराव्यानिशी नोंदवावे.

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासाला ‘एवढं तर सगळ्यांना येतच असेल’ अशी सुरुवात करावी. अमेरिकेतील हार्वे मड कॉलेजने इथेच घात करून घेतला. त्यांनी नवख्यांना आणि आधीच प्रोग्रॅमिंग शिकून आलेल्यांना वेगवेगळ्या वर्गांत बसवले, विद्यार्थिनींना पहिल्या वर्षानंतर लगेच संशोधनाची संधी दिली, आणि संगणकशास्त्रातील मुलींचे प्रमाण २००६ च्या सुमारास जेमतेम १० टक्के होते ते काही वर्षांतच ४० टक्क्यांच्या घरात गेले. तिथल्याच मिशिगन टेक विद्यापीठात प्राध्यापिका शेरिल सॉर्बी यांनी तर १९९३ पासून घनाकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्याचा, म्हणजे ड्रॉइंगला लागणारा, सरावच शिकवायला घेतला, आणि तो केलेल्या मुली अभियांत्रिकीत अधिक टिकतात असे दाखवून दिले. असले अभ्यासक्रम वेळापत्रकात शिरू देऊ नयेत. ‘ड्रॉइंग मुळातच अंगात असावं लागतं’ हे वाक्य बिनखर्चाचे आहे.

विभागात एखादी प्राध्यापिका असलीच, तर तिला एकूण एक समित्यांवर घ्यावे, म्हणजे विद्यार्थिनींना भेटायला तिच्याकडे वेळ उरणार नाही.

एवढे करून कोणी अभ्यासक्रम सोडण्याचा अर्ज घेऊन आली, तर कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ हा शब्द आधीच छापलेला असावा. गुणपत्रिका जोडण्याची अट मात्र काढून टाकावी. सोडून जाणाऱ्या मुलींचे गुण पुष्कळदा टिकून राहिलेल्या मुलांच्या तोडीचे असतात, आणि हे दोन कागद एका फायलीत आले तर कोणीतरी ते शेजारी ठेवून वाचण्याचा धोका संभवतो.