आकडा नको, आधी हिशोब दाखवा

अपघातात जखमी झालेल्या माणसाला तडजोडीच्या टेबलावर विमा कंपनीचा अधिकारी एक आकडा सांगतो. "एवढे घ्या, आजच मिटवून टाकू." हा आकडा कुठून आला, कशाला कशाने गुणलं, काय धरलं आणि काय सोडलं, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे विचारायची पद्धतही नाही. माझं ठाम मत आहे की लेखी हिशोब समोर ठेवल्याशिवाय अशी बोलणी सुरूच होता कामा नयेत.

आमच्या आत्याच्या केसमध्ये हे सगळं जवळून पाहिलं. आत्या शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, जूनच्या आधी शाळेचे युनिफॉर्म. टेम्पोने तिच्या गाडीला मागून धडक दिली आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लेट बसवली, स्क्रू आले, मग फिजिओथेरपी. हाड जुळलं, पण घोटा पहिल्यासारखा वाकत नाही. तिची मशीन पायाची. पायट्यावर टाच, चवडा, टाच, चवडा असा ताल धरावा लागतो. आता थोडा वेळ शिवलं की पायाला सूज चढते, मग पाय स्टुलावर टाकून बसून राहायचं. मोटर बसवली तरी कापड बेतायला उभं राहावंच लागतं.

लोकअदालतीत कंपनीचे साहेब बोलायला अगदी सौम्य होते. दोन लाख म्हणाले. कसे काढले, असं मी विचारलं. एकदा टाळलं, पुन्हा विचारल्यावर सांगितलं: "ताई, अपंगत्वाचं सर्टिफिकेट एका पायाचं आहे, वीस टक्के. अख्ख्या शरीराचं धरलं तर दहा. पगाराची स्लिप नाही, म्हणून महिना आठ हजार धरले. त्यात औषधपाणी मिळवा. केस चालवलीत तर वर्षानुवर्षं चालेल." आत्या गप्प झाली. दोन लाख ही तिच्यासाठी लहान रक्कम नाही, आणि समोरच्याला ते नेमकं माहीत असतं.

आता सुप्रीम कोर्टाने घालून दिलेली पद्धत बघा. सरला वर्मा केसमध्ये (2009) वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले. आत्याचं वय 44, म्हणजे गुणक 14. प्रणय सेठी केसमध्ये (2017) सांगितलं की स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांचं उत्पन्नही पुढे वाढलं असतं, ते धरा. 40 ते 50 वयाला 25 टक्के. आणि राज कुमार विरुद्ध अजय कुमार (2011) हा निकाल तर प्रत्येक जखमी माणसाच्या घरात माहीत असायला हवा. डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं कोर्टाने त्यात स्पष्ट केलं. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच बसतो. मग पायाच्या मशीनवर पोट असलेल्या बाईचा घोटा दहा टक्के कसा?

आत्याची खरी कमाई महिना पंधरा हजारांच्या आसपास. वर्षाचे 1,80,000. त्यात 25 टक्के मिळवले की 2,25,000. गुणिले 14, म्हणजे 31,50,000. कमाईतली घट 30 टक्के धरली तरी 9,45,000 होतात. साहेबांच्या हिशोबाने कमाईतल्या घटीच्या याच एका खात्यात येतात 1,34,400. भविष्यातली वाढ त्यांनी धरलीच नव्हती. शिवाय वेदनेची भरपाई, घरात बसून गेलेल्या काळातली बुडालेली कमाई, प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्च, तिची सेवा करायला मुलगी घरी राहिली त्याचं मोल, ही सगळी खाती वेगळी. आणि अर्ज केल्या दिवसापासूनचं व्याज. मोटार वाहन कायद्याच्या कलम 171 प्रमाणे ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण, ते देऊ शकतं, पण तडजोडीत त्याचं नावही निघत नाही. केस जितकी जुनी, तितकं हे गप्प बसणं महाग पडतं.

त्या दिवशी आत्याने सही केली नाही. आमच्या वकिलांनी एका पानावर हा हिशोब मांडला, सोबत पुरावे जोडले: गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या, यूपीआयचं स्टेटमेंट, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते. पुढच्या बोलणीत त्याच कंपनीने तिप्पट रक्कम मान्य केली. पाय तोच होता, सर्टिफिकेटही तेच. याचा मला आनंद कमी आणि संताप जास्त आहे, कारण त्याच सभागृहात शेजारच्या टेबलांवर लोक पहिल्याच आकड्यावर सह्या करत होते.

लोकअदालतीला माझा विरोध नाही. वर्षांचं काम दिवसात होतं, हे जखमी माणसाला फार मोलाचं आहे. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या (1987) कलम 21 प्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. अपीलच नसेल तर सही करण्याआधी माणसाला सगळं समजलेलं असणं ही किमान अट हवी.

आणि हो, त्याआधी घरी येतो तो कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर. "आता चालता ना? थोडंफार शिवता ना?" असं आपुलकीने विचारतो आणि जबाबात लिहितो, काम पूर्ववत सुरू. वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर घरातल्या कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय, त्याच्या कागदावर सही देऊ नका. 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायची मुदत कायद्यात आली आहे, तेही ध्यानात ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 149 मध्येच लिहिलं आहे की कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने तडजोडीचा प्रस्ताव तपशिलासह द्यावा. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायाधीश असतात, वकील असतात. तडजोडीच्या कागदावर सही घेण्याआधी त्यांनी कंपनीला तीनच गोष्टी लिहून द्यायला लावाव्यात: उत्पन्न किती धरलं, कमाईतली घट किती टक्के धरली, आणि या रकमेत व्याज आहे की नाही. पुढच्या लोकअदालतीपासून हे सुरू करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.