अर्धी उचललेली सायकल

पंक्चर झालं याचं मला काही वाटलं नाही. ऑक्टोबरात इंग्लंडातल्या चिल्टर्नच्या टेकड्यांत सायकल घालायची आणि वर पंक्चर नको म्हणायचं, म्हणजे जुलैत कोकणात जाऊन मोजे कोरडे राहावेत अशी अपेक्षा धरण्यासारखं आहे. वाटलं ते पुढच्या अर्ध्या तासाचं. तीन दिवस झाले, अजून आंघोळ करताना मी त्या बाईंना उत्तरं देतो. फार बिनतोड उत्तरं असतात. तिथे एकही सुचलं नव्हतं.

रेडिंगहून थेम्स ओलांडली की उत्तरेला चढ सुरू होतो आणि स्टोक रो गावाच्या आसपास बीच नावाच्या झाडांची रानं लागतात. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी जाड टायरची सायकल, तिच्यावाल्यांचं हे पंढरपूर. नावात ग्रॅव्हल असलं तरी खडी इथे नावालाच. खाली शेकडो फूट खडू, अगदी शाळेतल्या फळ्यावरचा वाटावा असा, आणि त्यावर लाल चिकणमाती, जिच्यात चकमकीच्या गारगोट्या पेरलेल्या. खडू ओला झाला की साबण होतो, त्यामुळे ब्रेक वळणाच्या आधी दाबून सोडून द्यायचा, वळणात हात लावायचा नाही. मातीचं दुखणं निराळं. कंपनी छातीठोकपणे सांगते की या फ्रेममध्ये ५० मिलिमीटरचा टायर बसतो. बसतो ना. पण मग चिखलाला बसायला जागा उरत नाही आणि तो तर बसणारच. माती आणि बीचची पानं यांचा गिलावा तयार होऊन चाक जाम होतं. म्हणून ४० चाच टायर घालावा, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळे राहतात. चाक अडलं तर पॅडलवर जोर काढू नये. मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रात, काटकी अडकलेली असते, आणि जोर लावला की तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर तुटतो. हा हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी दुकानात कधीच मिळत नाही, तेव्हा एक जास्तीचा खोगिराखालच्या पिशवीत हवाच. माझ्याकडे होता. मोडला मात्र टायर.

गारगोटी फुटली की तिला वस्तऱ्यासारखी धार येते, आणि पानांखाली ती दिसत नाही. टायर ट्यूबलेस, आत साठ मिलिलिटर रबराचा चीक. बारीक भोक असेल तर चीक आपणहून बुजवतो, जरा मोठं असेल तर रबरी वात खुपसायची. माझ्या टायरची मात्र बाजूची भिंतच चिरली गेली, चांगली बोटाच्या पेराएवढी. तिथे रबर पातळ, वात धरत नाही, आत ट्यूबच घालावी लागते. सगळा चीक कारंज्यासारखा माझ्या तोंडावर आला. बसून काम करायला दहा पावलांवर बीचचा आडवा पडलेला ओंडका होता. तिथे गेलो. इथेच चुकलं.

कारण माझ्या आणि ओंडक्याच्या मध्ये एक खांब होता. खांबाच्या अलीकडे निळा बाण, पलीकडे पिवळा. निळा म्हणजे ब्रायडलवे, घोड्यांची वाट. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला परवानगी आहे, फक्त चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. पिवळा म्हणजे फुटपाथ. हा आपल्याकडचा फुटपाथ नव्हे, ज्यावर वडापावची गाडी, दोन स्कूटर आणि एखादं देऊळ सुखाने नांदतं. इथे फक्त पाय.

"सो सॉरी टू बॉदर यू," मागून आवाज आला. इंग्लंडात संभाषण असं सुरू झालं की समजावं, समोरच्याला कसलंही सॉरी वाटत नाहीये. सत्तरीच्या बाई, हिरवे गमबूट, आणि बिस्किट नावाचा गलेलठ्ठ लॅब्रॅडॉर.

"आपण फुटपाथवर आहात."

"पंक्चर झालंय हो."

"ते दिसतंय. पण झालं कुठे?"

मी चिकट बोटाने खांबाकडे दाखवलं. "तिकडे. निळ्या हद्दीत."

"मग सायकल इथे आली कशी?"

"आणली."

"उचलून, की ढकलत?"

हा प्रश्न वाटतो तितका खुळचट नाही. फुटपाथवर सायकल चालवणं हा इथे सहसा गुन्हा नसतो, जमीनमालकाच्या हद्दीत घुसल्याचा दिवाणी मामला असतो. पण नुसती ढकलत नेली तर काय, यावर वकिलांचीही दोन मतं आहेत. बाबागाडी चालते, कारण ती चालणाऱ्याची नेहमीची सोबत मानतात. कुत्रा चालतो. सायकल ही सोबत आहे की नाही, ते ठरायचंय.

"पुढचं चाक उचललं होतं," मी खरं ते सांगितलं. "मागचं टेकलेलं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे अर्धी."

मी टायर उतरवत होतो. आधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढायचा, मग टायरच्या आतून फडकं फिरवायचं. बोट नाही, फडकं. १ सप्टेंबरनंतर शेतकऱ्यांना कुंपणाची झुडपं छाटायची मुभा मिळते आणि वाटांवर काट्यांचा सडा पडतो. आत काटा राहिला असेल तर तो फडक्याला अडकतो, नाहीतर नव्या ट्यूबमध्ये घुसतो. दोन काटे निघाले. तेवढ्यात बिस्किटने व्हॉल्व्हची चकती तोंडात धरली. बाई म्हणाल्या, "त्याला तुम्ही आवडलात."

मग त्यांनी मला इतिहास सांगितला. १९४९ च्या कायद्यानंतर पायवाटांचे सरकारी नकाशे झाले, त्याची पाहणी गावोगाव झाली. एका गावाने वाट घोड्यांची म्हणून नोंदवली, शेजारच्या गावाने तीच वाट माणसांची म्हणून. दोन्ही गावांची शीव जिथे लागते तिथे घोड्याने काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. "त्या गावाने घोडे मान्य केले," बाई खांबाकडे पाहत म्हणाल्या. "आम्ही नाही केले." आवाजात असा काही ठामपणा, जणू परवाच्या ग्रामसभेत हात वर करून आल्या होत्या.

चिरलेल्या भिंतीला आतून ठिगळ लागतं, नाहीतर ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. ठिगळ आणलं नव्हतं. अशा वेळी जुनी युक्ती म्हणजे नोट. २०१६ पासून इथली पाचाची नोट प्लॅस्टिकची आहे, चिवट, भिजत नाही. तिच्यावर चर्चिल. घडी घालून त्यांना चिरेवर बसवलं, वर ट्यूब. भारतीय माणूस चर्चिलना पस्तीस पीएसआयच्या दाबाखाली कोंबतोय, हे पाहताना बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भाव उमटला.

"आपण मूळचे कुठले?"

"साताऱ्याचा."

"ते बनारसच्या जवळ का?"

मी पंप मारत होतो. आधी ट्यूब गोल होण्यापुरती हवा, मग टायर सगळीकडून नीट बसलाय ना ते पाहायचं, मग उरलेली. हातपंपाने ४० च्या टायरला दोनशेच्या वर दट्टे लागतात. मी एकशे चाळिसावर होतो. "अगदी शेजारी," म्हटलं. दम नव्हता.

"तुमच्या महाराजांनी आमच्या गावाला विहीर दिली. फार सुंदर आहे. वर सोनेरी हत्ती."

ही गोष्ट खरी आहे, म्हणून जास्त झोंबली. खडूच्या टेकड्यांवर पाणी टिकत नाही, थेट खाली मुरतं. या भागातले एक रीडसाहेब काशीकडे नोकरीला होते. पाण्याचा शेवटचा घोट प्यायला म्हणून मार खाणाऱ्या पोराची गोष्ट त्यांनी काशीनरेशांना सांगितली. ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी ती लक्षात ठेवली आणि १८६४ साली स्टोक रोमध्ये विहीर खुली झाली. चार फूट रुंद, ३६८ फूट खोल, हाताने खणलेली. महाराजांनी विचारलं नाही की पोरगं पाणी प्यायला उभं होतं ते कुठल्या गावच्या हद्दीत. आणि मी एका पडलेल्या झाडावर बूड टेकलं तर पंचनामा. आता हे काही विनोदाने म्हणत नाही. इंग्लंडातल्या सगळ्या हक्काच्या वाटांपैकी साधारण २२ टक्केच सायकलला खुल्या आहेत, आणि त्यासुद्धा अशा शिवेवर मधेच तुटणाऱ्या. स्कॉटलंडने २००३ चा कायदा करून नीट वागणाऱ्या सायकलवाल्याला बहुतेक सगळं रान मोकळं केलं. तिथली झाडं काही उन्मळून पडली नाहीत.

"तर जरा खांबापलीकडे घ्याल का?" बाई म्हणाल्या. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

घेतलं. ओंडका सोडून दहा पावलं मागे, लाल चिकणमातीत बसून, पहिल्यापासून मोजत उरलेली हवा भरली. बिस्किटने चकती परत दिली, लाळेसकट. चाक बसवलं, ब्रेकच्या फटीतून पानं काढली, निघालो तर बाई अजून उभ्याच.

"कुठे जाणार?"

"आलो तसाच मागे. घोड्यांच्या वाटेने."

"अरेरे. त्या खालच्या वळणावर आज सकाळी झाड पडलंय, आडवंच. तुम्हाला नाही जमायचं." त्यांनी ओंडक्याच्या दिशेने, पिवळ्या बाणाकडे हात केला. "इथून या ना. पाच मिनिटांत डांबरी रस्ता. उचलून न्या म्हणजे झालं."

अकरा किलोची सायकल, दोन किलोचा चिखल आणि चर्चिल, सगळं खांद्यावर घेऊन मी पुढे. मागे बाई, त्यांच्यामागे बिस्किट. उतारावर एकदा मागचं चाक किंचित टेकलं असावं.

"दोन्ही," मागून आवाज आला. "सो सॉरी."