मलमं बदलण्यात दीड वर्ष गेलं
योनीच्या बाहेरच्या भागाच्या (व्हल्व्हाच्या) कॅन्सरवरच्या तुमच्या लेखात ‘न जाणारी खाज’ हे लक्षण एका ओळीत उरकलंय. आमच्या आत्येने ती खाज दीड वर्ष काढली. गुहागरकडे पावसात ओल्या लुगड्यानिशी भाताची लावणी करणाऱ्या बाईला खाजेचं काय नवल! नायट्याच्या मलमाच्या तीन ट्यूबा संपल्या, पण कातडी पांढरी, कागदासारखी पातळ होत गेली आणि कडेला वाटाण्याएवढी गाठ आली. ‘तिथलं’ दाखवायची लाज, दुसरं काय. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून तुकडा तपासायला पाठवला, तर कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं, जांघेतल्या लसीका गाठीही काढल्या. त्यांत रोग नव्हता, म्हणून रेडिएशन टळलं. पण गाठी काढल्यामुळे आता उजवा पाय संध्याकाळी सुजतो. लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे तिथली कातडी अशी पांढरी, पातळ करणाऱ्या खाजऱ्या आजाराच्या चट्ट्यांबद्दल लेखात हवं होतं. सगळ्यांचा कॅन्सर होत नाही, पण वर्षातून एकदा तरी दाखवावंच लागतं.