वॉलमार्ट 'निर्दोष सुटली' असं म्हणणाऱ्यांना उत्तर

वॉलमार्टबद्दलचा एक लांबलचक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला. तिघंही शिकलेली आहेत आणि तिघांनाही तो पटलेला दिसला. थोडक्यात त्यात असं म्हटलं आहे: वॉलमार्टवर हजारो खटले झाले, पण एकही गुन्हा सिद्ध झाला नाही. स्त्रियांवरच्या अन्यायाचा आरोप तर २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच खोटा ठरवला. एवढ्या मोठ्या कंपनीवर खटले होणारच. कंपनीने जे पैसे भरले ते केवळ कटकट टाळण्यासाठी; तडजोड म्हणजे कबुली नव्हे. दुकान येतं तिथे रोजगार वाढतो, वस्तू स्वस्त होतात. विरोध करतात ते फक्त युनियनवाले, आणि ती युनियन खुद्द कामगारांनाही नको असते.

मजकूर लिहिणाऱ्याने अर्ध्या खऱ्या गोष्टी घेतल्या आहेत, म्हणूनच तो पटकन पटतो. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावं लागेल.

सुरुवात सर्वोच्च न्यायालयापासून. बेट्टी ड्यूक्स ही कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्ग इथल्या दुकानातली कर्मचारी. तिने आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी २००१ साली दावा दाखल केला. पगारात आणि बढतीत स्त्रियांना डावललं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या न्यायालयांनी हा दावा सुमारे १५ लाख स्त्रियांच्या वतीने एकत्र चालवायला परवानगी दिली. २० जून २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. न्यायालयाने केलं ते एवढंच. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या बहुमताच्या निकालाचा मुद्दा असा होता की सुमारे ३,४०० दुकानांतले हजारो व्यवस्थापक आपापल्या मर्जीने निर्णय घेतात, तेव्हा त्या सगळ्या निर्णयांना जोडणारा एक समान प्रश्न दाखवता आलेला नाही, म्हणून इतक्या स्त्रियांचा दावा एकत्र चालणार नाही. भेदभाव झाला की नाही, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयापुढे निकालासाठी नव्हताच. त्यावर साक्षी-पुरावे झाले नाहीत, ज्यूरी बसली नाही.

या समान प्रश्नाच्या मुद्द्यावर न्यायालय पाच विरुद्ध चार असं विभागलं होतं, हे तो मजकूर सांगत नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपल्या भिन्नमतात नोंदवलं आहे की तासावर पगार मिळणाऱ्या कामांत ७० टक्के स्त्रिया होत्या आणि व्यवस्थापनात जेमतेम ३३ टक्के. हे आकडे म्हणजे निकाल नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण 'आरोप खोटा ठरला' असं म्हणणं म्हणजे न्यायालयाने जे ठरवलंच नाही ते त्याच्या तोंडी घालणं. पुढे त्यांतल्या अनेक स्त्रियांनी स्वतंत्र तक्रारी केल्या. सप्टेंबर २०२० मध्ये तर समान रोजगार संधी आयोगाने केलेल्या दाव्यात वॉलमार्टने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. किराणा मालाच्या वितरण केंद्रांत नोकरीसाठी जी शारीरिक क्षमतेची चाचणी घेतली जायची, तिच्यात स्त्री उमेदवार मोठ्या प्रमाणात गळत, असं आयोगाचं म्हणणं होतं. ती चाचणी कंपनीला थांबवावी लागली.

'एकही गुन्हा सिद्ध झाला नाही' हे वाक्य तर सरळ चुकीचं आहे, आणि त्याला फार शब्द खर्च करायचीही गरज नाही. २८ मे २०१३ रोजी वॉलमार्टने कॅलिफोर्निया आणि मिसूरीतल्या संघीय न्यायालयांत स्वतःहून गुन्हा कबूल केला. गिऱ्हाइकांनी परत केलेली कीटकनाशकं, खतं, ब्लीच असला घातक माल दुकानांतून नगरपालिकेच्या कचऱ्यात टाकला जात होता किंवा गटारात ओतला जात होता. हा माल कसा हाताळायचा याचं शिक्षण कर्मचाऱ्यांना दिलेलं नव्हतं. दंड आणि भरपाई मिळून ८ कोटी १६ लाख डॉलर झाले.

दुसरी कबुली २०१९ ची. परदेशात अधिकाऱ्यांना लाच देण्याला बंदी करणाऱ्या कायद्याखाली कंपनीने २८ कोटी २० लाख डॉलर भरले, आणि तिच्या ब्राझीलमधल्या उपकंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिथे एक मध्यस्थ बाई दुकानांचे परवाने इतक्या झटपट मिळवून देत असे की कंपनीतली माणसं तिला 'चेटकीण' म्हणत. तिच्यापर्यंत पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम आडमार्गाने पोचली. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या आदेशात ब्राझीलबरोबर मेक्सिको, चीन आणि भारत यांचीही नावं आहेत. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने मेक्सिकोतल्या व्यवहारांवर शोधलेख छापले नसते, तर हे प्रकरण इतक्या उघडपणे पुढे आलं असतं असं मला वाटत नाही. त्या लेखांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आता तडजोडींचा मुद्दा. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण सामान्य माणसाच्या खिशाशी याचा थेट संबंध आहे. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे मजकुरातलं वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. डिसेंबर २००८ मध्ये वॉलमार्टने पगार आणि कामाच्या तासांबद्दलचे ४२ राज्यांतले ६३ दावे एकाच वेळी मिटवले. किमान ३५ कोटी २० लाख आणि जास्तीत जास्त ६४ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. त्यातही कंपनीने चूक मान्य केली नाही. पण दाव्यांत काय होतं ते पाहा. हजेरीचं कार्ड ओढून सुट्टी नोंदवल्यावरही काम करून घेणं. जेवणाची आणि विश्रांतीची वेळ न देणं.

कंपनीला हे ठाऊक नव्हतं का? जुलै २००० मध्ये कंपनीच्याच अंतर्गत तपासणीत १२८ दुकानांतल्या सुमारे २५,००० कर्मचाऱ्यांची एका आठवड्याची हजेरी तपासली गेली. त्या एका आठवड्यात विश्रांती चुकल्याच्या ६०,७६७ नोंदी आणि जेवणाची सुट्टी चुकल्याच्या १५,७०५ नोंदी सापडल्या. अल्पवयीन मुलांना रात्री उशिरा, शाळेच्या वेळात किंवा ठरल्यापेक्षा जास्त तास कामाला ठेवल्याच्या १,३७१ नोंदी निघाल्या त्या वेगळ्याच. ही तपासणी बाहेर आल्यावर कंपनी म्हणाली की पद्धत सदोष होती, लोक विश्रांती घेत होते पण कार्ड ओढायला विसरत होते. काही नोंदींबाबत तसं घडलं असेलही. पण साठ हजार वेळा?

पेनसिल्व्हेनियातला खटला या 'कटकट टाळण्यासाठी' वाल्या युक्तिवादाला थेट उत्तर देतो, कारण तिथे तडजोड झालीच नाही. कंपनी शेवटपर्यंत लढली आणि हरली. १९९८ ते २००६ या काळातल्या सुमारे १,८७,००० आजी-माजी कर्मचाऱ्यांचा तो दावा होता. २००६ साली फिलाडेल्फियातल्या ज्यूरीने कंपनीला विश्रांती बुडवल्याबद्दल आणि बिनपगारी काम करून घेतल्याबद्दल जबाबदार धरलं. पगारी विश्रांतीचं आश्वासन कंपनीच्या स्वतःच्या धोरणातच होतं. फेब्रुवारी २००१ पर्यंत विश्रांतीला जाताना आणि येताना कार्ड ओढावं लागे. मग कंपनीने ती पद्धतच बंद केली, म्हणजे विश्रांती मिळाली की नाही याची नोंदच उरली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. कंपनी ड्यूक्स निकालाचा हवाला घेऊन वॉशिंग्टनला गेली. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. व्याज आणि खर्च धरून रक्कम तोवर १५ कोटी डॉलरच्या घरात गेली होती.

म्हणजे ज्या न्यायालयाचं नाव घेऊन हा मजकूर फिरतो आहे, त्याच न्यायालयाच्या दारातून वॉलमार्ट रिकाम्या हाताने परत आली. हे मजकुरात नाही.

'एवढ्या मोठ्या कंपनीवर खटले होणारच' हा मुद्दा अर्धा मान्य. जगभरात वीस लाखांहून अधिक लोक कामाला असतील तर दावे जास्त होणारच. पण कर्मचारी जास्त म्हणून दावे जास्त होतील, एकाच प्रकारची तक्रार राज्यामागून राज्यात का येत राहते याचं उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय मोठेपणाचा उपयोग उलट बाजूनेही होतो. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या व्हॅली स्ट्रीम इथल्या दुकानात सवलतीच्या विक्रीसाठी पहाटे जमलेल्या गर्दीने दार मोडलं आणि दारात उभा असलेला एक हंगामी कर्मचारी चेंगरून मेला. कामगार सुरक्षा विभागाने कंपनीला ७,००० डॉलर दंड केला. तेवढ्याशा दंडाविरुद्ध कंपनी कित्येक वर्षं भांडत राहिली. प्रश्न रकमेचा नव्हता. गर्दी आवरणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे मान्य करायचं नव्हतं. एक माणूस कामावर असताना पायदळी तुडवला गेला होता. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत जास्त लागतं.

रोजगाराच्या मुद्द्यावर मजकुराशी थोडं सहमत व्हावं लागेल, आणि स्वस्ताईच्या मुद्द्यावर बरंच. एमेक बास्कर या अर्थतज्ज्ञ बाईंनी दाखवलं आहे की वॉलमार्ट आल्यावर अॅस्पिरिन, टूथपेस्ट, शाम्पू, साबणचुरा अशा रोजच्या वस्तूंच्या किमती थोड्याच काळात दीड ते तीन टक्क्यांनी उतरतात आणि पुढे आणखी उतरतात. तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो, आणि वॉलमार्टच्या टीकाकारांनी तो नाकारू नये. पण रोजगाराबद्दल बास्कर यांचाच अभ्यास सांगतो की पहिल्या वर्षी काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, शंभरेक किरकोळ विक्रीच्या नोकऱ्या वाढतात आणि पुढच्या पाच वर्षांत दुसरी दुकानं बंद पडत गेल्याने त्यातल्या निम्म्या जातात. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासाचा निष्कर्ष त्याहून कडक आहे: वॉलमार्टमधल्या एका नोकरीपायी किरकोळ क्षेत्रातल्या सुमारे १.४ नोकऱ्या जातात. दोन अभ्यासांत फरक पडतो तो पद्धतीमुळे. कंपनी वाढत्या वस्तीची गावं निवडून दुकान काढते, त्यामुळे वाढ दुकानामुळे झाली की आधीपासूनच होत होती, हे वेगळं काढणं अवघड असतं. न्यूमार्क यांनी त्यासाठी आर्कान्सातल्या बेंटनव्हिल या मुख्यालयापासूनचं अंतर वापरलं, कारण दुकानं तिथून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने पसरत गेली. यांतला कुठलाही आकडा घेतला तरी 'दुकान येतं तिथे रोजगार वाढतो' हे बिनशर्त विधान टिकत नाही. शिवाय २०२० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सरकारी अन्नमदत घेणाऱ्या नोकरदारांची पाहणी केली, तेव्हा त्यांना कामावर ठेवणाऱ्यांत वॉलमार्ट अग्रभागी आढळली. पगार कमी पडतो तिथे फरक करदाता भरतो.

विरोध फक्त युनियनवाल्यांचा, हे म्हणणाऱ्याने इंगलवुडचं उदाहरण पाहावं. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीच्या या शहरात वॉलमार्टला साठ एकरांवर व्यापारसंकुल हवं होतं. नगर परिषद मानेना, म्हणून कंपनीने ७१ पानांचा प्रस्ताव थेट जनमताला टाकला. तो मंजूर झाला असता तर वाहतूक आणि पर्यावरणाची नेहमीची तपासणी आणि जनसुनावणी टाळूनच बांधकाम करता आलं असतं. प्रचारावर कंपनीने दहा लाख डॉलरहून जास्त खर्च केला. एप्रिल २००४ मध्ये मतदान झालं आणि साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. युनियन प्रचारात होत्याच, पण त्यांच्याबरोबर चर्चही होते, आणि मत दिलं ते गावाने. स्वस्त वस्तू नकोत असं त्यांनी म्हटलं नव्हतं. आपल्या गावाचे नियम आपल्याच गावात लागू व्हावेत, एवढीच त्यांची मागणी होती.

राहिला शेवटचा दावा, की कामगारांनाच युनियन नको असते. फेब्रुवारी २००० मध्ये टेक्ससमधल्या जॅक्सनव्हिलच्या दुकानातल्या मांस कापणाऱ्या कामगारांनी सात विरुद्ध तीन मतांनी युनियन निवडली. दोनच आठवड्यांत कंपनीने १८० दुकानांत कापलेलं, बांधलेलं मांस बाहेरून आणायचं जाहीर केलं. हा बदल आधीच ठरला होता, असं कंपनीने सांगितलं.

कॅनडात क्वेबेकमधल्या जाँकिएर इथल्या दुकानात ऑगस्ट २००४ मध्ये युनियनला मान्यता मिळाली. पहिल्या कराराची बोलणी सुरू असताना फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीने दुकान बंद करण्याची घोषणा केली आणि एप्रिलअखेर ते बंदही केलं. सुमारे १९० माणसांची नोकरी गेली. दुकान नफ्यात नाही, असं कारण दिलं गेलं. इथेही कंपनीच्या बाजूचं सांगायलाच हवं: २००९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका कर्मचाऱ्याच्या दाव्यात कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्याने ज्या कलमाचा आधार घेतला होता ते बंद झालेल्या दुकानाला लागू होत नव्हतं. पण युनियन दुसऱ्या कलमाने लढत राहिली. बोलणी चालू असताना मालकाने कामाच्या अटी बदलू नयेत, असं ते कलम म्हणतं. दुकान आर्थिक अडचणीत होतं हे कंपनीला लवादापुढे दाखवता आलं नव्हतं. २७ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की योग्य कारणाशिवाय दुकान बंद करणं हा कामाच्या अटीतला बेकायदा बदल होता, आणि कामगारांना काय भरपाई द्यायची ते ठरवायला प्रकरण लवादाकडे परत पाठवलं. तोवर दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली होती.