‘अमेरिकेत तर सगळं वॉर्नरनेच विकलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, त्याबद्दल सॉरी, पण तुमची प्रतिक्रिया काही "धन्यवाद, वाचत राहा" एवढं टाकून मोकळं होण्यासारखी नव्हती. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या म्यूट रेकॉर्ड्स या इंडी लेबलने (म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेरच्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीने) अमेरिकेत बस्तान कसं बसवलं यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की अमेरिकेत म्यूटने स्वतः काही विकलंच नाही, सगळं सायर या अमेरिकन लेबलने, म्हणजे पर्यायाने वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीने विकलं, मग कौतुक म्यूटचं कशाला? शिवाय ‘पीपल आर पीपल’नंतर पाच वर्षं म्यूटच्या डेपेश मोड या ब्रिटिश सिंथेसायझरवाल्या बँडचं एकही गाणं तिकडच्या टॉप 40 मध्ये नाही, याला यश म्हणत नाहीत. शिवाय एक आकडा चुकलाय. आणि वर "फॅनगिरी कमी करा, अभ्यास वाढवा".

आकड्याच्या बाबतीत मी सपशेल आडवा. डेपेश मोडचा ‘व्हायलेटर’ अल्बम अमेरिकेत 2 नंबरवर गेला असं मी लिहिलं होतं, ते ब्रिटनचं, अमेरिकेत तो 7 पर्यंत गेला. दोन देशांचे आकडे शेजारी शेजारी लिहून घेतले होते आणि टाइप करताना रकाना चुकला, दुसरं काही नाही. दुरुस्त केलंय.

आता वॉर्नरचं. सायर वॉर्नरच्या घरातली होती हे मी लपवलेलं नाही, फक्त त्यावर एकच वाक्य खर्च केलं, तिथे तुमचा राग समजू शकतो. पण मला सांगा, देवगडच्या बागायतदाराची पेटी वाशीच्या व्यापाऱ्याने दुबईला पाठवली तर आंबा वाशीचा होतो का? परदेशात इंडी लेबलचं असंच चालायचं. तिथे स्वतःचं गोडाऊन, सेल्समन, रेडिओवाल्यांच्या मागे लागणारी माणसं असं सगळं उभं करायला पैसा कुठून आणणार, म्हणून मग देशागणिक लायसन्स द्यायचं. म्यूटचं जर्मनीत इंटरकॉर्डकडे होतं, फ्रान्समध्ये व्होगकडे, अमेरिकेत डेपेश मोड आणि म्यूटचीच याझू ही जोडी सायरकडे. विकायचं त्यांनी, पण काय रेकॉर्ड करायचं, कोणाबरोबर, कधी, हे लंडनमध्ये ठरायचं.

आणि लंडनमध्ये म्हणजे कुठे, तर सुरुवातीला डॅनियल मिलरच्या घरी. या माणसाने 1978 मध्ये घरातच, एक कॉर्ग सिंथेसायझर आणि चार ट्रॅकचं टेपमशीन घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली, द नॉर्मल या नावाने सिंगल काढलं आणि कव्हरवर सरळ घरचा पत्ता छापला. लेबल काढायचं वगैरे डोक्यातच नव्हतं. पत्ता बघून लोकांनी पोस्टाने आपापल्या डेमो कॅसेट पाठवायला सुरुवात केली तेव्हा गडी लेबलवाला झाला. पुढे डेपेश मोडशी कित्येक वर्षं लेखी करारच नव्हता, नफा निम्मानिम्मा, आपल्याकडे शेत अर्धेलीने देतात तसं, तेही तोंडी! मोठ्या कंपन्या आगाऊ पैसे घेऊन दारात उभ्या असताना डेपेश मोडची ती बेसिल्डन गावातली विशीतली पोरं याच माणसाकडे राहिली. मी इंडी म्हणतो ते याला. शेवटी 2002 मध्ये म्यूट इएमआय या बड्या कंपनीने विकत घेतलं, तिथून पुढे तुम्ही इंडी म्हणू नका, मीही म्हणणार नाही.

पण तुमच्या बाजूचाही एक मुद्दा मीच देतो, जो तुम्ही मांडला नाहीत. लायसन्स घेणारा नुसता खोकी वाहत नाही, मालात हातही घालतो. सायरने 1984 मध्ये ‘पीपल आर पीपल’ नावाचा अख्खा अल्बम काढला, जो ब्रिटनमध्ये अस्तित्वातच नव्हता, जुनी नवी गाणी एकत्र करून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी बांधलेली पुडी होती ती. आणि याझूचं तर नावच गेलं. तिकडे याझू नावाचं जुन्या ब्लूजच्या रेकॉर्ड काढणारं एक छोटं लेबल आधीपासून होतं, त्यामुळे अमेरिकेत हे दोघं झाले ‘याझ’. म्हणजे मोठ्या वॉर्नरच्या छत्राखाली असून नाव राखता आलं नाही, ते एका दुसऱ्या इंडी लेबलमुळे! मला हे भारी वाटतं.

आता तुमचा खरा मुद्दा, फ्लॉपचा. ‘पीपल आर पीपल’ 1985 मध्ये अमेरिकेत 13 वर गेलं आणि त्यानंतर थेट 1990 मध्ये ‘पर्सनल जीझस’ 28 वर, मध्ये टॉप 40 मध्ये शून्य. बरोबर. ‘ब्लॅक सेलिब्रेशन’ अल्बम 90 वर अडकला, ‘म्युझिक फॉर द मासेस’ 35 पर्यंत पोचला, ‘स्ट्रेंजलव्ह’ पहिल्यांदा 76 आणि 88 साली पुन्हा काढल्यावर 50. नुसते हे आकडे बघितले तर तुमचंच म्हणणं खरं, ही मंडळी बुडाली.

तर मग 18 जून 1988 ला पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये 60 हजारांवर लोक कशाला आले होते? फुटबॉलचं स्टेडियम आहे ते. टूरचा 101 वा शो, डी. ए. पेनेबेकरच्या टीमने त्याची डॉक्युमेंटरी केलीये, त्यात शोनंतर तिकिटांच्या पैशांचा हिशोब चाललेला दिसतो तो भाग जरूर बघा. 35 नंबरच्या अल्बमवर एवढी गर्दी!

कारण असं की हॉट 100, म्हणजे बिलबोर्ड मासिकाचा अमेरिकेतल्या गाण्यांचा चार्ट, हा नुसता विक्रीचा चार्ट नव्हताच, त्यात रेडिओवर गाणं किती वाजतं तेही धरायचे, आणि अमेरिकेतली टॉप 40 वाली स्टेशनं या सिंथवाल्या पोरांना फारशी हात लावत नव्हती. ब्रिटनचा चार्ट दुकानातल्या विक्रीचा, म्हणून तिकडे तेच गाणं वर. त्यात 1991 मध्ये साउंडस्कॅन (दुकानाच्या गल्ल्यावरच विक्री मोजणारी यंत्रणा) येईपर्यंत अमेरिकेत विक्रीचा आकडासुद्धा दुकानदाराला विचारून घ्यायचे, तो सांगेल ते खरं. या बँडला मात्र लॉस एंजेलिसच्या के-रॉकसारख्या मोजक्या स्टेशनांनी, डान्स क्लबांनी आणि कॉलेजच्या पोरांनी उचललं होतं. एका भागात तुफान आणि बाकी देशात सामसूम असेल तर देशभराच्या चार्टवर काय दिसणार, 50 नंबर.

याच्या उलटं उदाहरण इरेजर या जोडीचं, जे मी लेखात घेतलंच नाही आणि तुम्हीही विसरलात. तेही म्यूटचेच, आणि अमेरिकेत सायरकडेच. त्याच 88 साली त्यांचं ‘चेन्स ऑफ लव्ह’ अमेरिकेत 12 वर, पाठोपाठ ‘अ लिटल रिस्पेक्ट’ 14 वर. म्हणजे सिंगलच्या चार्टवर इरेजर डेपेश मोडच्या कितीतरी पुढे, आणि रोझ बोल भरला कोणी? अजून एक घ्या, याझूचा ‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’. बिलबोर्डच्या अल्बम चार्टवर कधी 92 च्या वर गेला नाही, पण वर्षानुवर्षं सावकाश खपत राहिला आणि अमेरिकेत प्लॅटिनम झाला, म्हणजे 10 लाख. चार्टवरचा सगळ्यात वरचा नंबर ही एका आठवड्याची उडी असते हो, ती सोडून तुम्ही काही मोजायलाच तयार नाही, आपलं खरं भांडण तिथे आहे.

बरं, 1990 मध्ये जे झालं त्यात वॉर्नरच्या ताकदीचा वाटा मोठा होता, हे मी आता स्पष्ट लिहितो, लेखात ते निसटलं होतं. डेपेश मोडचं ‘एन्जॉय द सायलेन्स’ अमेरिकेत 8 वर गेलं ते देशभर रेडिओ मिळाल्याशिवाय शक्य नव्हतं आणि तो रेडिओ काही डॅनियल मिलरने लंडनहून फोन करून मिळवला नसणार. पण 20 मार्च 1990 ला लॉस एंजेलिसमध्ये वेअरहाउस नावाच्या कॅसेट-सीडीच्या दुकानात डेपेश मोडचे चौघे सह्या द्यायला बसले, बाहेर हजारोंची रांग, रस्ता तुंबला, पोलिसांनी कार्यक्रम आटोपता घ्यायला लावला, ‘व्हायलेटर’ नुकता दुकानात आला होता! चार्टचा नंबर अजून लागायचा होता. ही गर्दी आधीच्या पाच ‘फ्लॉप’ वर्षांत जमलेली आहे.

‘सायरने काढलेल्या पैशावर म्यूटने माज केला’ असंही तुम्ही लिहिलंय. माज म्हणा हवं तर. त्या पैशाने निक केव्ह, लायबाख असली न खपणारी मंडळी सांभाळली गेली, मला तो माज चालतो.

आणि शेवटी तुम्ही विचारलंत की एक तरी गाणं दाखवा जे अमेरिकेत ब्रिटनपेक्षा वर गेलं. डेपेश मोडचं एक आहे, ‘पॉलिसी ऑफ ट्रूथ’. अमेरिकेत 15, ब्रिटनमध्ये 16. फरक एका नंबरचा आहे, पण तुम्ही एकच मागितलं होतंत.